व्हीलचेअर घेऊन नाशिक फिरायचंय – कुठे कुठे जाता येईल?

सातपूरकर (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर सांगलीहून माझा मावसभाऊ आणि वहिनी आठवडाभर आमच्याकडे येतायत. दादाला काही वर्षांपूर्वी अपघातात मणक्याला मार बसला, तेव्हापासून कमरेखाली संवेदना नाही. व्हीलचेअर वापरतो, स्वतः चालवतो, नोकरी करतो. दंड असे की पंजा लढवायला बसलात तर हराल. नाशिकला तो शेवटचा आला तो अपघाताच्या आधी. फोनवर म्हणाला, "पंचवटी, मिसळ, सराफ बाजारातनं एक चक्कर आणि जमलं तर एखादी वायनरी. बाकी तू ठरव."

ठरवायला बसलो आणि अडलो. ज्या दुकानांत, देवळांत, हॉटेलांत लहानपणापासून जातोय त्यांच्या दाराशी पायऱ्या किती, हे काही केल्या डोळ्यापुढे येईना. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट आहे असं मी त्याला छातीठोकपणे सांगून बसलो होतो. लिफ्टपर्यंत पोचायलाच चार पायऱ्या चढाव्या लागतात, हे बायकोने सांगितलं.

तर, कुणाला प्रत्यक्ष अनुभव आहे का? कुठे न्यावं, कुठे नेऊ नये, कुठल्या वेळी न्यावं? "गूगलवर बघ" म्हणू नका, बघून झालंय.

तर्रीबाज
मिसळीचं माझ्यावर सोडा. गंगापूर रोड, मखमलाबाद, जुनं गाव, म्हणाल तिथली यादी देतो. आणि पायऱ्यांचं काय घेऊन बसलात राव, नाशिककर आहोत आपण. एक हाक मारा, चार पोरं धावत येतील, खुर्चीसकट उचलून रामकुंडावर नेऊ दादाला. हाय काय आन नाय काय!

गुडघेदुखी
तर्रीबाजला +१. आपल्याकडे माणुसकी आहे अजून.

तीनचाकी
तर्रीबाज, तुमच्या मनात काही वाईट नाही, हे कळतंय. पण "उचलून नेऊ" हे वाक्य मी जन्मभर ऐकत आलेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मला लहानपणी पोलिओ झाला. दोन्ही पायांत आधाराचे कॅलिपर, हातात कुबड्या, बाहेर फिरायला साईडव्हील लावलेली स्कूटर. नोकरी इथेच, नाशिकमध्ये. एका लग्नात नवरा-नवरीला भेटायला स्टेजपाशी गेले. स्टेज चांगलं तीन फूट उंच आणि पायऱ्यांना कठडा नाही. मी खालूनच हात हलवला. तेवढ्यात मागून दोन उत्साही भाऊसाहेब आले, न विचारता काखेत हात घातले आणि मला वर ठेवलं. पदर एकीकडे, कुबडी खाली, कॅलिपरची कडी साडीत अडकलेली, आणि फोटोग्राफर "मॅडम, स्माइल!" तो फोटो त्यांच्या अल्बममध्ये आहे. उचलणारे मात्र खूश. त्यांच्या खात्यावर पुण्य जमा.

आता तुमच्या दादाबद्दल. कमरेखाली संवेदना नाही म्हणजे उचलताना पाय चाकात अडकला, कुठे घासला, तरी त्याला कळणार नाही. रात्री कपडे बदलताना रक्त दिसेल. ती जखम भरायला महिना महिना लागतो. लघवीची पिशवी असेल तर ती ओढली जाते. आणि खुर्चीचे हात आणि पाय ठेवायच्या पट्ट्या बहुतेक खुर्च्यांना काढता येतात. चार पोरं नेमकं तिथेच धरतात आणि खुर्ची जाते एकीकडे, हात येतो यांच्या हातात. पायरी चढवायची असेलच तर आधी त्यालाच विचारा, तो सांगेल तसं करा. बहुतेकदा खुर्ची पायरीकडे पाठ करून थोडी मागे कलती करायची आणि मोठी चाकं एकेका पायरीवर ओढून घ्यायची असते. मागे एक, पुढे एक, दोन माणसांचं काम. मिरवणूक लागत नाही.

आणि कुठे न्यायचं हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न तिथला संडास कसा आहे हा. आमच्यासारख्यांचा दिवस त्यावर ठरतो. बाहेर जायचं असलं की मी सकाळपासून पाणी तोडते. दार आत उघडणारं, आत उंच ओटा, ओल्या फरशा आणि धरायला काही नाही, असं असेल तर समोर ताजमहाल असला तरी काय करायचंय.

तर्रीबाज
ताई, वाचलं. उचलण्याचं मागे घेतो, यादीचं नाही.

ओळंबा
बांधकाम क्षेत्रात आहे, म्हणून चार पायऱ्यांचं गणित सांगतो. एक पायरी साधारण १५ सेंमी, म्हणजे एकूण चढ ६० सेंमी. व्हीलचेअरच्या उताराचं प्रमाण १:१२, म्हणजे एक सेंमी चढायला बारा सेंमी लांबी. तुमच्या चार पायऱ्यांना ७.२ मीटर लांब उतार लागेल. वर, खाली आणि वळणावर सपाट जागा, दोन्ही बाजूंना कठडा, रुंदी किमान १.२ मीटर. प्रत्यक्षात आमचे लोक काय करतात? उरलेल्या कोपऱ्यात दोन मीटरमध्ये सिमेंट ओततात, वर गुळगुळीत टाइल लावतात आणि नकाशावर "रॅम्प" लिहून मोकळे होतात. त्यावरून वॉशिंग मशीन चढतं, मोटारसायकल चढते. स्वतःच्या हातांनी खुर्ची ढकलणारा माणूस चढत नाही, आणि उतरताना थेट गेटवर जातो.

असा उतार कुठे दिसला आणि तुम्ही बरोबर असाल, तर खुर्ची उलटी धरून मागे मागे चालत उतरवा. सरळ उतरवलीत तर माणूस पुढे कलंडतो.

कलमबहाद्दर
कायद्याचं थोडं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा, लागू झाला १९ एप्रिल २०१७ ला. कलम ४४ नुसार सुलभतेचे नियम पाळल्याशिवाय इमारतीला पूर्णत्वाचा दाखला देता येत नाही. कलम ४५ म्हणतं की आधीपासून असलेल्या सार्वजनिक इमारती नियम निघाल्यापासून पाच वर्षांत सुगम करा. नियम निघाले जून २०१७ मध्ये. म्हणजे मुदत २०२२ मध्येच संपली.

पुढे ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात सांगितलं की २०१७ च्या नियमांतला १५ वा नियम नुसत्या शिफारशींवर विसंबतो, मूळ कायदा तर सक्ती करतो. तो नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि सक्तीचे निकष तीन महिन्यांत करा असं केंद्राला सांगितलं. आता "मार्गदर्शक तत्त्वं आहेत हो, बंधन नाही" हे उत्तर कुणी दिलं तर हा निकाल पुढे ठेवायचा. दंडही आहे, कलम ८९: पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत, नंतर पन्नास हजार ते पाच लाख.

स्पष्टवक्ता_७२
वाईट दिसेल, पण कुणीतरी बोललं पाहिजे. कायदे करणाऱ्यांनी सराफ बाजारात येऊन बघावं. गल्लीत दोन स्कूटर समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावं लागतं. त्यात हातगाड्या, गाई, माल उतरवणारे टेम्पो. तिथे ७.२ मीटरचा उतार कुठे घालणार, समोरच्याच्या दुकानात? फूटपाथवर धडधाकट माणसालाही चालता येत नाही, मग हाल सगळ्यांचेच आहेत. आणि व्हीलचेअरवाले दिसतात किती? सगळ्या शहराने फोडाफोडी करण्याएवढे?

ओळंबा
२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती नोंदल्या गेल्या, महाराष्ट्रात २९ लाखांहून जास्त. तेव्हाची वर्गवारी आखूड होती. २०१६ च्या कायद्याने प्रकार २१ केले, म्हणजे आज मोजलं तर आकडा चढेल. सगळे व्हीलचेअरवर नाहीत, हे मान्य. पण गल्लीत प्रत्येक ठिकाणी उतार बसत नाही म्हणून नव्या बिल्डिंगमध्येही नको, हे कुठलं तर्कशास्त्र? जुन्या गल्लीला फळी चालते. नव्या बांधकामाला सबब चालत नाही.

तीनचाकी
स्पष्टवक्ता, "हाल सगळ्यांचेच" म्हणालात ते अर्धंच बरोबर. फूटपाथवर गाडी उभी असली की तुम्ही रस्त्यावर उतरता, दोन पावलं चालून परत वर चढता. शिव्या देता आणि पुढे जाता. खुर्चीला खाली उतरायला फूटपाथच्या कडेला उतार लागतो. तो नसेल तर मागे फिरायचं, जिथून चढलो तिथपर्यंत. आणि जिथे उतार केलाय तिथे मोटारसायकली घुसू नयेत म्हणून मधोमध खांब रोवलेत. मोटारसायकल तिरकी होऊन त्यातूनही जाते. अडकते ती खुर्ची.

दिसत नाहीत म्हणताय, तर माझ्याच ऑफिसातलं सांगते. नाव घेत नाही. तिथे दिव्यांगांसाठी वेगळं स्वच्छतागृह आहे, दारावर खुर्चीचं चित्र आहे, आत धरायला दांडेही आहेत. त्या दांड्यांवर ओली फडकी वाळत घातलेली असतात. खाली फिनेलचे कॅन, मोडका पंखा, निवडणुकीच्या वेळचे बोर्ड. कुलपाची किल्ली शिपायाकडे. शिपाई चहाला गेला की मी त्याची वाट बघत उभी. साहेबांना सांगितलं तर म्हणतात, "वापरतंच कोण?" अहो, मी वापरते!

ऐकीव
व्हीलचेअरवरच गाडी अडकलीय म्हणून मध्ये घुसतो. मी पूर्ण दृष्टिहीन. हा धागा एनव्हीडीए नावाच्या स्क्रीनरीडरवर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) ऐकतोय, आणि तर्रीबाजचं "हाय काय आन नाय काय" यंत्राच्या आवाजात ऐकण्यासारखं आहे.

फूटपाथवर पिवळ्या फरशा बसवतात ना, त्यांत उभ्या रेघा म्हणजे "या दिशेने चाला" आणि गोल ठिपके म्हणजे "थांबा, पुढे काहीतरी आहे". ही युक्ती जपानची, १९६० च्या दशकातली. आपल्याकडे बसवणाऱ्याला तो डिझाइनचा प्रकार वाटतो. माझ्या रोजच्या वाटेवर रेघा मला शिस्तीत नेऊन विजेच्या डीपीवर धडकवतात. एके ठिकाणी ठिपके आणि रेघा आलटून पालटून, बुद्धिबळाच्या पटासारखे. चाला-थांबा-चाला-थांबा. कवायत समजून करतो.

पण माझा मोठा अडथळा रस्त्यावर नाही, मोबाईलमध्ये आहे. सरकारी जीआर स्कॅन करून फोटोसारखा टाकतात, स्क्रीनरीडरला त्यात एक अक्षर सापडत नाही. काही कार्यालयांतून अजून जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर येतो. तुम्हाला त्यात मराठी दिसतं, मला "अल्पविराम एक्स डॉलर कंस" ऐकू येतं. दिव्यांगांच्या योजनेचा अर्ज असा आला तर हसावं की रडावं? दुकानात कार्ड द्यायला जावं तर मशीन गुळगुळीत काचेचं, पिनचे आकडे बोटाला लागतच नाहीत. मग पिन मोठ्याने सांगायचा, मागे रांग.

उलट एक गोष्ट कुणी आमच्यासाठी केली नाही आणि आम्हालाच सगळ्यात लाभली. ते पैसे आल्यावर बोलणारं डबडं. भाजीवालीकडे ते "पंचवीस रुपये प्राप्त झाले" म्हणालं की मला कळतं, मी पंचवीसच दिले, अडीचशे नाही. नोटांसाठी रिझर्व्ह बँकेचं मनी नावाचं ॲप आहे, २०२० पासून. चालतं, पण बाजारात गर्दीत एका हातात काठी, एका हातात पिशवी, नोट कुठल्या हाताने धरू आणि फोन कुठल्या?

गुडघेदुखी
ऐकीव, बोलणाऱ्या डबड्याचा असा विचार कधी केलाच नव्हता. वाखू (वाचनखूण) साठवली.

खुणावतो
मला ऐकू येत नाही. डॉक्टरकडे नंबर लावतो, बाई आतून नाव पुकारते. मी बसून. नंतर आलेले तपासून जातात. आता आत जाऊन टेबलावर चिठ्ठी ठेवतो, "बहिरा आहे, हाताने खूण करा." चिठ्ठी वाचून बाई मान हलवते आणि मग परत ओरडूनच बोलावते, फक्त जास्त जोरात.

लेकाची_आई
माझा मुलगा ऑटिस्टिक आहे, वय नऊ. बाहेरून बघणाऱ्याला काही दिसत नाही. दिसत नाही म्हणूनच लोक म्हणतात, "लाडावलाय." आम्हाला अडवतो तो आवाज. नाशिक ढोल जगात गाजतोय, अभिमान आहेच, पण गणपतीत आणि लग्नसराईत आमच्या रस्त्यावर सराव सुरू झाला की हा कान दाबून पलंगाखाली जातो. बाहेर तर सोडाच. मिरवणूक बंद करा म्हणत नाही मी. सरावाची वेळ आणि जागा आधी कळली तरी आम्ही त्या दिवशी दुसरीकडे जाऊ.

तर्रीबाज
आता ढोलपण बंद? नाशिकमध्ये राहायचं की नाही आम्ही?

लेकाची_आई
तर्रीबाज, माझी शेवटून दुसरी ओळ परत वाचा.

ढोलताशा_४२२
आमचं पथक आहे. ताईंचं बरोबर आहे. वेळापत्रक सोसायट्यांच्या ग्रुपवर टाकणं अवघड नाही, मी आमच्या पथकात बोलतो. बाकी पथकांचं माहीत नाही.

खुणावतो
मला ढोल आवडतो. छातीत वाजतो. माझ्या वाटणीची एकच गोष्ट आहे नाशिकमध्ये, तिला हात लावू नका 😄

कलमबहाद्दर
अवांतर. पण पंचवटीचा विषय आहे म्हणून. काळाराम मंदिराच्या दाराशी २ मार्च १९३० ला बाबासाहेबांनी सत्याग्रह सुरू केला. प्रवेश मिळणं म्हणजे काय, हे या शहराला वेगळं शिकवायला नको. त्याच शहरात अजून पायरीपाशी थांबणारी माणसं आहेत.

स्पष्टवक्ता_७२
ही तुलना पटली नाही. तिथे माणसांनी माणसांना अडवलं होतं, ठरवून, जातीवरून. इथे कुणी कुणाला अडवत नाही, दगडी पायरी आहे इतकंच. सगळ्याला एकाच तागडीत तोलू नका.

तीनचाकी
तुलना मलाही ओढून आणलेली वाटते, दोन्ही लढे वेगळे. पण "कुणी अडवत नाही" हे मात्र खोटं. एका देवळात (नाव सांगत नाही, नाशिकचं नाही असंही म्हणत नाही) मला सांगितलं, बूट बाहेर काढा. माझा बूट कॅलिपरला जोडलेला असतो. तो काढला की पायातला आधारच निघतो. मी म्हटलं, पुसून देते. तर म्हणे चामडं आहे, नियम सगळ्यांना सारखा. मग म्हणे तुम्ही बसा, तुमचा प्रसाद आणून देतो. प्रसाद चांगला होता. दर्शन राहिलं.

धागेदोरे (संपादक मंडळ)
देवस्थानांच्या नियमांवर स्वतंत्र धागा काढावा. इथे मूळ प्रश्नाकडे वळू या, सातपूरकर वाट बघतायत.

ओळंबा
वळतो, पण सिंहस्थाचं एक बोलून. २०२७ चा कुंभ तोंडावर आहे. घाट, रस्ते, पूल, वाहनतळ, सगळीकडे कामं निघतात ती अशा वेळी. कामाचा नकाशा होतानाच उतार मागितला तर त्याचा खर्च एकूण कामात दिसतही नाही. घाट बांधून झाल्यावर मागितला तर फोडाफोडी आणि "निधी नाही". घाटाला सगळीकडे पायऱ्याच हव्यात असं कुठे लिहिलंय? एका ठिकाणी पाण्यापर्यंत जाणारा कठड्याचा उतार केला तर खुर्ची जाईल, म्हातारी माणसं जातील, तान्ह्या पोरांच्या गाड्या जातील. आपल्या प्रभागात काम दिसलं की लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तोंडी बोलून उपयोग नाही.

स्पष्टवक्ता_७२
कुंभात लाखोंची गर्दी. त्या उतारावर खुर्चीवाल्याआधी शंभर लोक पथारी पसरून बसतील. लिहून घ्या.

कलमबहाद्दर
बसतील. त्यांना उठवायला पोलीस आहेत. नसलेल्या उतारावरून कुणाला उठवणार?

शिवाय महापालिका, नगरपालिका, ग्रामपंचायती सगळ्यांनी आपल्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी ठेवायचा असतो. राज्यात दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभागही डिसेंबर २०२२ पासून आहे. अर्जात हे दोन्ही लिहा. दाद नाही मिळाली तर पुण्याला राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते, वकील लागत नाही.

पंचवटीचा_म्हातारा
बरेच दिवसांनी लिहितोय. जन्म पंचवटीतला, वय शहात्तर, गुडघे दोन्ही गेलेले. सातपूरकर, मूळ प्रश्नाचं उत्तर कुणी देईना म्हणून देतो.

सीतागुंफेचा नाद सोडा. आत वाकून, बसून सरकावं लागतं, मलाच झेपत नाही. कपालेश्वराला चांगल्याच पायऱ्या आहेत, खालूनच नमस्कार. शंकरासमोर नंदी नसलेलं देऊळ म्हणून गोष्ट मात्र खाली उभं राहून सांगा, पाहुण्यांना आवडते. पांडवलेणीही नको, सगळी चढण आहे.

रामकुंडावर पहाटे जा. पहाटे म्हणजे उजाडता उजाडता, दुकानं उघडायच्या आधी. गाडी जवळ नेता येते, वरच्या सपाट भागात खुर्ची फिरेल, दुतोंड्या मारुतीही दिसतो. पाण्यापर्यंत पायऱ्या आहेत, तिथे तांब्याने पाणी आणून हातावर घाला, आम्हीही आता तेच करतो. गोदेची आरती संध्याकाळी असते, पण तेव्हा गर्दीत खुर्चीवरच्या माणसाला फक्त पुढच्याची पाठ दिसते. जायचंच तर बरंच आधी जाऊन कडेची जागा धरा.

सराफ बाजार सकाळी दुकानं उघडताना करा. दुपारनंतर नको. जुन्या दुकानांना ओटा असतो, आत जाता येणार नाही, पण ओळखीच्या पेढीवर सांगितलं तर माल बाहेर आणून दाखवतात. जुनं वळण आहे ते. आमची आजी वाड्याच्या बाहेर न पडता पाटल्या घ्यायची.

तीनचाकी
काकांचा प्रतिसाद सोन्यासारखा. एकच भर. "बाहेर आणून दाखवतात" हे दागिन्याला चालतं, पण सगळीकडे तेच झालं की माणूस आयुष्यभर दुकानाच्या दारातच बसतो. दादाला विचारून घ्या, त्याला चालेल का. मला कधी चालतं, कधी नाही. मूडवर आहे.

पंचवटीचा_म्हातारा
बरोबर आहे पोरी.

ऐकीव
वणीला नेणार असाल तर सप्तशृंगी गडावर २०१८ पासून रुळांवरून चढणारी फ्युनिक्युलर ट्रॉली आहे, पाचशेच्या आसपास पायऱ्या वाचतात. मी गेलोय. पण मी पायांनी गेलो, त्यामुळे ट्रॉलीत खुर्ची कशी जाते, वर उतरल्यावर पायऱ्या आहेत का, ते तिकडे फोन करून विचारा.

तर्रीबाज
यादी. मुद्दाम आज तीन ठिकाणी जाऊन आलो (निमित्त हवंच होतं). नावं व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो, इथे लिहिली की लोक तर्रीवरून भांडतात.

पहिलं, मळ्यातलं. झोपाळे, बैलगाडी, सगळा थाट. पार्किंगपासून टेबलापर्यंत खडी, घोट्याएवढी. बूट रुततात, पुढची छोटी चाकं तर तिथेच बसतील. आजवर कितीदा गेलोय, खडीकडे लक्ष नव्हतं. दुसरं, गावातलं, चवीला एक नंबर, पण दुकान जमिनीपासून दोन पायऱ्या वर आणि आत बाकडी जमिनीत रोवलेली. खुर्ची टेबलाखाली जाणारच नाही. तिसरं साधं आहे, गंगापूर रोडच्या बाजूला. दाराशी एकच बुटकी पायरी, आत सुट्ट्या खुर्च्या, मधे मोकळी जागा. संडास बघून आलो, ताई. दार बाहेर उघडतं, कमोड आहे, धरायला काही नाही. दार रुंद वाटलं, पण मोजलं नाही.

तीनचाकी
मिसळ खायला जाऊन संडास बघून येणारा पहिला माणूस. मानलं.

पुढच्या वेळी मोजपट्टी न्या. आणि फोन करताना "व्हीलचेअर येते का" असं कधी विचारू नका. सगळे "हो, येते ना" म्हणतात, कारण त्यांच्या मनात ती चार पोरं असतात. विचारायचं, रस्त्यापासून टेबलापर्यंत पायऱ्या किती, संडासाचं दार किती इंच, आत ओटा आहे का, लिफ्टला पायऱ्या आहेत का. वायनरीलाही हेच विचारा. तिथे टेस्टिंगचं टेबल बऱ्याचदा उंच स्टुलांचं असतं, बसक्या टेबलावर देतील का ते आधी ठरवा. तळघरात उतरायचं असेल तर ते सोडून द्या.

सातपूरकर (धागाकर्ता)
सगळ्यांचे आभार. दादाला धागा पाठवला. त्याचं उत्तर: "तीनचाकीताईंना नमस्कार सांग. पंजा लढवायचा असेल तर तर्रीबाजला ये म्हणावं."

सोसायटीचं सांगतो. सेक्रेटरींना ओळंबांचं गणित दाखवलं. ७.२ मीटर ऐकून म्हणाले, तीन स्कूटरची जागा जाईल, सर्वसाधारण सभेत ठेवा. ठेवणार आहेच. तळमजल्यावरच्या आजी गेल्या वर्षापासून घराबाहेर पडलेल्या नाहीत, त्यांच्या मुलाने सही दिलीय. दिवाळीपर्यंत काही होणार नाही, तेव्हा चार पायऱ्यांवर दादा सांगेल तशी खुर्ची ओढू. घडीचा ॲल्युमिनियमचा उतार मिळतो असं कळलं, पण चार पायऱ्यांना तो फार उभा पडेल ना?

आणि घरातली अडचण आज कळली. बाथरूमचं दार मोजलं, मोकळी जागा २६ इंच. दादाची खुर्ची २५. बसेल का?

ओळंबा
चार पायऱ्यांना घडीचा उतार नको, तो एक-दोन पायऱ्यांपुरता. तर्रीबाजच्या तिसऱ्या हॉटेलला चालेल.

दाराचं: २५ कुठून कुठे मोजलंय? चाकाच्या बाहेरून हाताने फिरवायची कडी असते, ती धरून मोजायला सांगा. धरूनही २५ भरली तर दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा इंच राहतो, बोटांची सालं निघतील. शिवाय खुर्ची सरळ आली तरच. बोळातून वळून आत शिरायचं असेल तर अडकणार.

तीनचाकी
दारच काढून ठेवा. बिजागऱ्यांतून फळी काढली की तिच्या जाडीएवढी जागा मिळते, इंच-सव्वा इंच. आठवड्यापुरता जाड पडदा लावा. आत एक प्लॅस्टिकची भक्कम, बिनहातांची खुर्ची ठेवा, पाय रबरी असलेली. आणि गीझरचं पाणी आधी वहिनींनी हाताने बघावं, दादाच्या पायाला चटका कळणार नाही.

पंचवटीचा_म्हातारा
दार काढायला सुतार हवा असेल तर व्यनि करा. आमचा नेहमीचा आहे, सातपूरलाच राहतो. पडद्याची दांडी पण तोच ठोकून देईल.